चकती तीच, मग आवाज का बदलतो?

सोनीच्या वॉकमन विभागाचे प्रमुख कोझो ओहसोने यांनी एकदा आपल्या अभियंत्यांच्या पुढ्यात लाकडाचा एक ठोकळा ठेवला. लांबी-रुंदी साधारण १३.४ सेंटिमीटर, जाडी ४ सेंटिमीटर. सीडीच्या चार डब्या एकावर एक रचल्या तर जेवढी चळत होईल तेवढा. सीडी प्लेअर या मापात बसवायचा, आत काय ठेवायचे नि काय काढायचे ते तुम्ही बघा, असा हुकूम होता. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आलेला सोनीचा पहिला सीडी प्लेअर, सीडीपी-१०१, किमतीने १,६८,००० येन आणि आकाराने दिवाणखान्यातच शोभावा असा. नोव्हेंबर १९८४ मध्ये ठोकळ्याच्या मापाचा डी-५० आला तो ४९,८०० येनला. पुढे डिस्कमन या नावाने जगभर पसरलेल्या घराण्याचा हा मूळपुरुष. गंमत म्हणजे त्याच्या पोटात बॅटरीला जागाच उरली नव्हती. बाहेर न्यायचा तर सेलची वेगळी पेटी जोडून, पट्ट्याने खांद्याला लटकवून न्यावा लागे.

नंतरची वीसेक वर्षे या यंत्रांची स्पर्धा चालली ती मापाची. जाडी किती, वजन किती, पळताना गाणे अडखळते का, दोन पेन्सिल सेलवर किती तास चालतो. आवाजाचे कौतुक जाहिरातीत असायचेच, पण खोक्यावर मोठ्या टायपात छापले जायचे ते तास आणि सेकंद. त्या तासांची आणि सेकंदांची किंमत बऱ्याचदा आवाजाने मोजली, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही.

आता हे सगळे आठवायचे कारण असे की, पोर्टेबल सीडी प्लेअर पुन्हा विकत मिळू लागला आहे. मुंबईतल्या काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकान फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद झाले, नव्या गाड्यांतून सीडीची खाच गेली, लॅपटॉपचा ड्राइव्ह गेला. घरोघरच्या कपाटातल्या चकत्या मात्र जागच्या जागी आहेत. त्या वाजवायच्या कशावर, या प्रश्नाला चिनी कंपन्यांनी नव्या यंत्रांनी उत्तर दिले आहे आणि जुन्या बाजाराने तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या डिस्कमननी. दोन्हीकडे विकणाऱ्याची भाषा एकच: चिप कोणती, बिट किती, हाय-रेझचे सोनेरी लेबल आहे की नाही. आणि नेमक्या याच गोष्टींनी आवाजात सर्वांत कमी फरक पडतो.

सीडीवर असतात ते अखेर आकडे. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या ‘रेड बुक’ नियमावलीप्रमाणे डाव्या-उजव्या कानासाठी दर सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहायचा. हे आकडे एका अखंड सर्पिल रेषेवर कोरलेले असतात. शेजारशेजारच्या वळशांत अंतर १.६ मायक्रोमीटर, रेषा उलगडली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाईल. वाचन आतून बाहेर होते. आतल्या कडेला चकती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेर जाता जाता २०० वर येते. चकतीवर ओरखडे पडणार, बोटांचे ठसे उमटणार हे गृहीत धरून आकड्यांची विभागणी अशी केलेली असते की, रेषेचा जवळजवळ अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा वाचता आला नाही तरी मूळ आकडे हिशेबाने जसेच्या तसे परत मिळतात. चकती बऱ्या अवस्थेत असेल तर महागड्या यंत्राने वाचलेले आकडे आणि स्वस्त यंत्राने वाचलेले आकडे यांत एका बिटाचाही फरक नसतो.

मोटरच्या चालीचाही आवाजावर परिणाम होत नाही. वाचलेले आकडे आधी मेमरीत गोळा होतात आणि तिथून क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर एकेक बाहेर पडतात. कॅसेटवर तानपुरा ऐकलेल्यांना हा फरक सांगावा लागणार नाही. टेपची गती किंचित हलली की षड्ज डळमळे, आणि गायकाने ज्याच्या आधाराने स्वर लावायचा तोच आधार ऐकणाऱ्याला डगमगताना जाणवे. सीडीने तो दोष मुळातूनच संपवला, तोही स्वस्तातल्या स्वस्त यंत्रात.

उरते ती चिप. आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणारा हा तुकडा, म्हणजे डॅक, विक्रेत्यांचा लाडका. १९८० च्या दशकात त्यावर वाद घालण्यात अर्थ होता. फिलिप्सच्या सुरुवातीच्या यंत्रांत १४ बिटांची चिप चौपट वेगाने चालवून १६ बिटांचे काम करून घेतले जाई; सोनीची चिप सरळ १६ बिटांची. कोणाचा आवाज अधिक गोड यावर हिरिरीने लिहिले जाई, आणि दोघांत खरोखर फरक होते. आज साध्या मोबाइलमधली चिपही सीडीच्या १६ बिटांना पुरून उरते. ‘२४ बिट’ किंवा ‘३२ बिट’ असे खोक्यावर छापल्याने चकतीवरच्या १६ बिटांचे १७ होत नाहीत.

मग खुद्द १६ बिटच कमी पडतात का? ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. सीडीहून उच्च दर्जाची, म्हणजे हाय-रेझ, ध्वनिमुद्रणे थेट ऐकवायची आणि मधूनच, ऐकणाऱ्याच्या नकळत, तोच आवाज सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवायचा. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. त्यांनी वापरलेल्या चकत्यांपैकी काहींची मूळ ध्वनिमुद्रणे तेवढ्या दर्जाची नव्हती, हा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो रास्त आहे. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचे १२,५०० हून अधिक निकाल एकत्र केले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. म्हणजे फरक ऐकू येतो असे म्हणायला जागा आहे, पण ती इतकी अरुंद की पोर्टेबल यंत्र निवडताना तिच्यासाठी जादा पैसे मोजणे वेडेपणाचे. कारण याच यंत्रांत दुसरीकडे असे फरक आहेत, जे ओळखायला तज्ज्ञाचा कान लागत नाही.

पहिला फरक हेडफोनच्या भोकापाशी. चिपमधून आलेला क्षीण संकेत हेडफोन हलवण्याइतका दमदार करण्याचे काम छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचे. त्याला वीज लागते, आणि तास वाढवायचे असतील तर काटकसर करायची पहिली जागा हीच. २००० नंतर सोनी, पॅनासॉनिक यांच्या यंत्रांवर पन्नास तासांच्या पुढचे आकडे दिसू लागले. त्याच सुमारास सोनीच्या काही मॉडेलांच्या पुस्तिकेत हेडफोनची ताकद १६ ओहमला ५ मिलिवॅट दिलेली आढळते. हे थोडे की पुष्कळ? हिशेब साधा आहे. १६ ओहमला ५ मिलिवॅट म्हणजे सुमारे ०.२८ व्होल्ट. कानात घालायचा संवेदनशील इयरफोन एवढ्यावर कान किटेपर्यंत वाजेल. पण तेच ०.२८ व्होल्ट सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला दिले तर त्याच्या वाट्याला पाव मिलिवॅटच्या थोडी वर ताकद येते. पॉप गाणे कसेबसे निभावेल. विलंबित ख्यालाची सुरुवात, जिथे मुळातच आवाज हळू ठेवलेला असतो, तिथे व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला नेऊनही बैठक दूरच वाटते.

म्हणून ‘किती मिलिवॅट’ हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही. किती ओहमला, हे सोबत विचारावे लागते. आणि त्याआधी, आपल्याकडे कोणता हेडफोन आहे हे ठाऊक असावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक खोलातली आहे, आणि दुकानातला माणूस ती कधीच सांगत नाही. जुन्या यंत्रांत एकाच बाजूच्या विजेवर काम चाले, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन यांच्यामध्ये एक कपॅसिटर घालावा लागे. नाहीतर डीसी वीज हेडफोनमध्ये शिरली असती. हा कपॅसिटर जितका मोठा तितका खर्ज नीट उतरतो. पण यंत्र चपटे करायचे म्हटल्यावर कपॅसिटरलाही पोट आत घ्यावे लागले. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इयरफोन अशी जोडी जमली की साधारण १०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. २२० मायक्रोफॅरड आणि ३२ ओहम असतील तर ही हद्द २३ हर्ट्झवर जाते, म्हणजे नसल्यासारखीच. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून घिस्सा काढतो, तो पहिल्या जोडीत पुठ्ठ्यावर हात घासल्यासारखा ऐकू येतो. यंत्र तेच ठेवून नुसता हेडफोन बदलला की डग्गा जागेवर येतो. ‘हा प्लेअर पातळ वाजतो’ अशी तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांचे दुखणे या एका जोडीत असावे. नव्या चिपांनी दोन्ही बाजूंची वीज स्वतःच तयार करायला सुरुवात केल्यापासून बहुतेक यंत्रांत हा कपॅसिटर लागतच नाही, आणि नव्या यंत्रांची खरी सुधारणा कोणती म्हणाल तर ही. जाहिरातीत तिचे नाव सापडणार नाही.

खर्जाची ही उणीव झाकायला कंपन्यांनी बटणे दिली. सोनीचे मेगाबास, पॅनासॉनिकचे एक्सबीएस, फिलिप्सचे डीबीबी. दुकानात ते बटण आधीच दाबून ठेवलेले असे, आणि गिऱ्हाईक धडधड ऐकून खूश होऊन घरी जाई. मेगाबास लावून मारवा ऐकणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कोणाला नाही. यंत्राची पारख मात्र ते बटण बंद ठेवूनच करावी.

आता सेकंदांकडे वळू. चालताना धक्का बसला की लेझरची रेषेवरची पकड सुटते. यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोड निघाली: चकती दुप्पट वेगाने वाचायची, आकडे मेमरीत साठवायचे, आणि धक्क्याने वाचन थांबले तर साठ्यातून वाजवत राहायचे. कल्पना उत्तम. फक्त मेमरी तेव्हा महाग होती. सीडीवरून सेकंदाला सुमारे १४ लाख बिट येतात. त्या वेळच्या ४ मेगाबिटच्या चिपमध्ये जेमतेम तीन सेकंद मावत, १६ मेगाबिटच्या चिपमध्ये बारा. खोक्यांवर मात्र आधी १० सेकंद आणि पुढे ४०-४५ सेकंद असे आकडे झळकू लागले. बाराचे पंचेचाळीस झाले ते संकोचनाने. १६ बिटांचा नमुना ४ बिटांत कोंबला की तेवढ्याच चिपमध्ये चौपट वेळ मावतो. ऐकणाऱ्याला वाटायचे आपण सीडी ऐकतोय; कानात पडत असे ते तिचे आवळलेले रूप.

हे आवळणे कुठे कळते? गजबजलेल्या गाण्यात फारसे नाही. वाद्ये थोडी आणि आवाज विरत जाणारा असेल तिथे ते चटकन उघडे पडते. नुसत्या तानपुऱ्याची सुरुवातीची मिनिटे लावून पाहावीत. जवारी नीट लागलेली असेल तर प्रत्येक तारेमागे वरच्या स्वरांची एक झालर हळूहळू उलगडत जाते. संकोचन चालू असले की त्या झालरीच्या कडा खरखरतात, आणि आस संपताना बारीक धूळ उडाल्यासारखा आवाज येतो. धक्कारोधक बटण बंद केले की ती धूळ बसते. कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नसलेली ही परीक्षा आहे आणि मराठी घरात तिला लागणारी चकती बहुधा असतेच.

काही यंत्रांनी ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली होती. सोनीच्या जी-प्रोटेक्शन ही धक्कारोधक सोय असलेल्या मॉडेलांत दोन पायऱ्या असत, आणि चांगल्या आवाजासाठी पहिली पायरी ठेवा, असे त्यांच्या पुस्तिकेतच सांगितलेले असे. कितीजणांनी पुस्तिका उघडली असेल हा वेगळा प्रश्न. काही स्वस्त यंत्रांत मात्र ही सोय कायम चालू असते, बंद करायला बटणच नसते. आवाजासाठी घेणाऱ्याने अशी यंत्रे सरळ बाजूला ठेवावीत. एरवी ही सोय चालू असूनही दोष न ऐकू येणारी यंत्रे आज आहेत, कारण मेमरी आता मातीमोल भावाने मिळते आणि आवळण्याची गरज उरलेली नाही. पण बटण असावेच. निवड आपल्या हाती राहते.

जुन्या डिस्कमनभोवती सध्या जो भक्तिभाव जमला आहे त्याकडे या हिशेबाने पाहिले पाहिजे. सोनीचे डी-२५, डी-५५५, डी-३०३, टेक्निक्सचा एसएल-एक्सपी७ ही नावे संग्राहक आदराने घेतात. त्यात तथ्य आहे. ती यंत्रे सेलची चिंता न करता बनवली होती, धक्कारोधक मेमरीच्या आधीची म्हणून तिच्या संकोचनापासून मुक्त होती, आणि त्यांना हेडफोनशिवाय लाइन-आउटचे वेगळे भोक होते, ज्यातून संकेत थेट घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला देता येई. नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत दोन्ही भोके एक झाली आणि लाइन-आउटची पातळी ०.७ व्होल्टवर आली. घरगुती सीडी प्लेअरची पातळी साधारण २ व्होल्ट धरतात; म्हणजे ९ डेसिबलची घट.

पण १९८९ चे यंत्र आज १९८९ सारखे वाजत नाही. त्या काळातल्या पृष्ठभागावर बसवलेल्या छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधले द्रव झिरपते, बोर्डावरचा तांब्याचा पत्रा खाते, आणि आवाज हळूहळू मुका होत जातो. डी-२५ आणि डी-५५५ यांना तर हा रोग हमखास जडलेला असतो. लेझरही थकतो. विकणारा सांगतो, ‘एकदम चालू कंडिशन’. चालू असतेही, पहिले गाणे वाजते. म्हणून जुने यंत्र तपासताना शेवटचे गाणे लावावे, तेही ७०-७५ मिनिटांच्या भरगच्च चकतीवरचे. बाहेरच्या कडेला चकती जास्त डुलते आणि थकलेला लेझर तिथेच हात टेकतो. घरी लिहिलेली सीडी-आर लावून पाहावी. दोन गाण्यांमधल्या शांततेत इयरफोन घालून ‘हिस्स’ किती ते ऐकावे. व्हॉल्यूमचे चाक अगदी खाली ठेवून दोन्ही कानांत आवाज सारखा आहे का ते पाहावे. जुन्या चाकांत एक बाजू आधी जागी होते. अ‍ॅडाप्टरची पिन बसते म्हणून लावू नये. कुणाला ९ व्होल्ट, कुणाला ४.५ लागतात, धन-ऋण बाजूही सारख्या नसतात, आणि उलटी वीज दिली तर लेझर पाहण्याची वेळच येणार नाही. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या चपट्या खास बॅटरीवर चालणारी मॉडेलेही टाळलेली बरी. ती बॅटरी धड अवस्थेत मिळणे मुश्कील; पेन्सिल सेल वाण्याकडेही मिळतो.

कपॅसिटर बदलून घेतलेला, ओळखीच्या कारागिराच्या हाताखालून गेलेला डी-२५ मिळाला तर तो जरूर घ्यावा. न उघडलेला, चकचकीत आणि महाग असा मिळाला तर तो शोकेसमधली वस्तू म्हणून घ्यावा. गाणी ऐकण्यासाठी नव्हे.

नव्या यंत्रांत फियोचा २०२४ मधला डीएम१३, मूनड्रॉपचा डिस्कड्रीम, शानलिंगचा ईसी मिनी ही नावे आवाजाच्या दृष्टीने बोलण्यासारखी. डीएम१३ मध्ये सिरस लॉजिकच्या सीएस४३१९८ या दोन चिपा आहेत, आणि फियो तो त्या चिपांच्या नावावरच विकते. तो घेण्याजोगा आहे तो निराळ्याच कारणांनी: मोठे हेडफोन पेलणारी ताकद, ३.५ आणि ४.४ मिलिमीटरची दोन भोके, धक्कारोधक सोय चालू-बंद करण्याची मुभा. बाजारात त्याच्या पाव किमतीत, झाकणाखाली निळा दिवा आणि खोक्यावर ‘हाय-फाय’ अशी बिननावाची पुष्कळ यंत्रेही आहेत. त्यांच्यातली बरीच हेडफोन लावला की न वाजवताच गुणगुणतात.

या नव्या पिकात ब्लूटूथची सोय जवळजवळ सर्वत्र आहे, आणि ती वापरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असावी. ब्लूटूथवर सर्वत्र चालणारी एसबीसी ही पद्धत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिटपर्यंत नेते. चकतीवरून येतात १,४११. सीडी विकत घ्यायची, तिच्यासाठी खास यंत्र घ्यायचे, आणि शेवटच्या दोन फुटांत तीनचतुर्थांश माल गाळून टाकायचा! स्वयंपाक करताना, घरात फिरताना सोय म्हणून ठीक. आवाजासाठी घेतलेल्या यंत्राला तारच लावावी.

आणखी एक बारीकसा खडा. १९८० च्या दशकातल्या काही सीडींत, विशेषतः जपानी, वरचे स्वर मुद्दाम वाढवून नोंदलेले असतात आणि यंत्राने ते वाजवताना तेवढेच खाली आणायचे असतात. चकतीवर तशी खूण असते. जुनी यंत्रे ती खूण ओळखत. काही नवी यंत्रे तिच्याकडे बघतही नाहीत. परिणाम असा की, जुनी चकती नव्या यंत्रावर कर्कश वाजते आणि दोष चकतीच्या माथी बसतो.

इथे जाणकार वाचक विचारणारच की, मग सीडी प्लेअर हवाच कशाला? मोबाइलला जोडायचे बोटभर डॅक घ्या, गाणी ऑनलाइन ऐका. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून सीडीच्या दर्जाचे आणि त्यावरचे संगीत जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. नुसत्या आवाजाच्या मोजमापात असे स्वस्त डॅक पोर्टेबल सीडी प्लेअरच्या बरोबरीला येते, पुष्कळदा पुढेही जाते. हा मुद्दा खोडून काढता येत नाही, आणि खोडून काढायचा प्रयत्न करणारे बहुधा काहीतरी विकत असतात.

पण मुद्दा अर्धा आहे. ऑनलाइन मिळते ते गाणे आणि तुमच्या कपाटातल्या चकतीवरचे गाणे एकच असेल याची खात्री नाही. बीटल्सचे पहिले चार अल्बम फेब्रुवारी १९८७ मध्ये सीडीवर आले ते मोनोमध्ये. २००९ मध्ये ते स्टिरिओत, नव्याने सिद्ध होऊन आले. दोन्ही ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या खोल्यांत बसल्यासारखे वाटते. १९९० च्या दशकापासून ध्वनिमुद्रणे अधिकाधिक मोठ्या आवाजात दाबून बसवायची चढाओढ लागली. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ इतका दाबलेला होता की, त्याच गाण्यांची ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधली प्रत सीडीहून बरी वाजते, हे चाहत्यांनी दाखवून दिले. नव्याने सिद्ध केलेल्या जुन्या अल्बमांनाही याची झळ लागली. अशा अल्बमची १९८५-९० मधली चकती हाती असेल तर ती कोणत्याही हाय-रेझ प्रतीपेक्षा मोकळी वाजू शकते. शास्त्रीय संगीतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. जुन्या तबकड्यांवरून सीडी करताना खरखर काढण्याच्या नादात काहींनी आवाजाची धारही काढून टाकली, काहींनी खरखर राहू दिली आणि गळाही राहिला. कोणती प्रत ऐकायची हे ठरवणे आवाजाच्या दृष्टीने यंत्राच्या निवडीहून मोठे आहे, आणि ते ठरवायला चकती वाजवता यावी लागते.

पोर्टेबल म्हटल्यावर यंत्र बाहेर जाणार, आणि बाहेर गोंगाट असणार. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. ठाण्याहून सुटलेल्या लोकलच्या डब्यात यातले हळू टोक ऐकूच येत नाही. ते ऐकू यावे म्हणून माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि द्रुत लयीत कानांचे नुकसान करून घेतो. फ्रान्सने १९९६ मध्येच अशा यंत्रांच्या आवाजावर १०० डेसिबलची मर्यादा कायद्याने घातली, सोनीने एव्हीएलएस नावाचे मर्यादेचे बटण दिले. या बटणाला आवाजाचे रसिक नाके मुरडतात. प्रवासात मात्र चांगल्या आवाजाचा उपाय यंत्रात नसतोच. तो बाहेरचा गलका अडवणाऱ्या, कान नीट झाकणाऱ्या हेडफोनमध्ये असतो. उघड्या पाठीचा भारी हेडफोन लोकलमध्ये घालणे म्हणजे शेजाऱ्याला फुकट मैफल.

म्हणून बजेटची वाटणी उलटी करावी. एकूण पैशांतला मोठा हिस्सा हेडफोनला द्यावा, कारण एका हेडफोनहून दुसरा जितका वेगळा वाजतो तितके कोणतेही दोन धडधाकट सीडी प्लेअर एकमेकांहून वेगळे वाजत नाहीत. उरलेल्या पैशांत असे यंत्र पाहावे ज्याची धक्कारोधक सोय बंद करता येते, ज्यात शांततेत हिस्स नाही, ज्याची ताकद आपल्या हेडफोनच्या ओहमला पुरते, आणि जे साध्या सेलवर किंवा मोबाइलच्या चार्जरवर चालते. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे असेल तर स्वतंत्र लाइन-आउट हवे. चिपचे नाव विचारू नये. विक्रेत्याने सांगितले तर ऐकून घ्यावे.

आणि दुकानात जाताना हात हलवत जाऊ नये. आपला हेडफोन आणि आपल्या तीन चकत्या बरोबर न्याव्यात: एक तानपुऱ्याने सुरू होणारी, एक पंचाहत्तर मिनिटांची भरगच्च, एक घरी लिहिलेली. दुकानदार त्या लावू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे. ऑनलाइन मागवायचे असेल तर परत घेण्याची मुदत आधी वाचावी आणि या तीन चकत्यांची परीक्षा त्या मुदतीतच उरकावी.